सात तक्रारी करून झाल्या, आता त्या तक्रारींचं काय केलंत ते विचार

प्रश्न: ताई, मी मूळची नाशिकची, इंग्लंडमध्ये येऊन आठ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी आम्ही टेरेस्ड घर विकत घेतलं, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आहे. शेजारचं घर हाउसिंग असोसिएशनचं (कमी भाड्याने घरं देणारी संस्था), तिथे एक बाई आणि तिचा विशीतला मुलगा राहतात. फेब्रुवारीपासून त्या मुलाचे मित्र रात्री येतात, दोन-तीन वाजेपर्यंत म्युझिक, भिंतीवर लाथा, बियरचे कॅन आमच्या बॅक गार्डनमध्ये, एकदा खिडकीवर अंडी. सासूबाई एप्रिलमध्ये आल्यात. मे महिन्यात त्या दारात कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होत्या तेव्हा ती मुलं त्यांच्या साडीवरून घाणेरडं बोलली आणि गो होम म्हणाली. हे त्यांनी मला जुलैमध्ये सांगितलं. आतापर्यंत सात तक्रारी झाल्या, पोलिसांना १०१ वर (तातडी नसताना करायचा नंबर) तीन, कौन्सिलला म्हणजे इथल्या नगरपालिकेला दोन, हाउसिंग असोसिएशनला दोन. पोलिस म्हणतात हे कौन्सिलचं काम, कौन्सिल म्हणते त्यांच्या घरमालकाशी बोला, हाउसिंग असोसिएशन म्हणते गुन्हा असेल तर पोलिसांना सांगा. कौन्सिलने तर आवाजाची डायरी भरून पाठवली नाही म्हणून केसच बंद करून टाकली. मिस्टर म्हणतात आता पुरे, उद्या घर विकायचं झालं तर अडचण होईल, आणि आईच्या व्हिसाला पुढे त्रास नको. मुलगी त्या भिंतीकडच्या खोलीत झोपत नाही आता. आम्ही बाहेरून आलेलो म्हणून जरा जास्तच तक्रारी करतोय का?
– नाशिकची लेक

उत्तर:

अगं, आधी तुझ्या शेवटच्या वाक्याचं उत्तर देते, कारण मला वाटतं बाकी सगळं पत्र तू त्या एका वाक्यासाठी लिहिलंयस. नाही, तू जास्त तक्रारी करत नाहीयेस. सहा महिन्यांत सात तक्रारी आणि मुलीला खोली बदलावी लागली, याला जास्त म्हणत नाहीत. आणि बाहेरून आलेलो वगैरे मनातून काढून टाक, कौन्सिल टॅक्स तूही भरतेस, पोलिस तुझेही आहेत.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, की तिघांनीही तुला जे सांगितलं ते वेगवेगळं घेतलं तर प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबरच आहे. आवाजाचं काम खरंच कौन्सिलच्या नॉइज टीमचं असतं, भाडेकरूच्या वागण्याबद्दल घरमालक करारावर बोट ठेवू शकतो, आणि शिवीगाळ धमकी हे पोलिसांचं. चूक कुठे झाली, तर हे तिघं एकमेकांशी बोललेच नाहीत, तुला मधे चेंडूसारखं इकडून तिकडे पाठवत राहिले. म्हणून आता आठवी तक्रार घेऊन परत त्याच खिडकीत उभी राहू नकोस. आता तुला मागायचाय तो ए-एस-बी केस रिव्ह्यू, म्हणजे तिघांनी मिळून तुझ्या केसचा फेरआढावा. ए-एस-बी म्हणजे अँटी-सोशल बिहेवियर, हे तुला माहितीच असेल. आधी याला कम्युनिटी ट्रिगर म्हणायचे, काही कौन्सिलच्या वेबसाइटवर अजून तेच जुनं नाव दिसतं, गोंधळून जाऊ नकोस, एकच गोष्ट आहे.

हा कुणाच्या मेहरबानीचा प्रश्न नाही, कायद्यात आहे. अँटी-सोशल बिहेवियर, क्राइम अँड पोलिसिंग अ‍ॅक्ट २०१४ याच्या कलम १०४ मध्ये. इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या कुणालाही हा रिव्ह्यू मागता येतो (स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी हे वाचून अर्ज करायला जाऊ नका, तिथला कायदा वेगळा आहे). तू अर्ज केलास आणि तो त्यांच्या अटीत बसला, की कौन्सिल, पोलिस, एन-एच-एस म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं तिथलं इंटिग्रेटेड केअर बोर्ड आणि सोशल हाउसिंगवाले यांना एकत्र येऊन बघावंच लागतं की या बाईने आजवर काय काय कळवलं आणि आपण त्यावर काय केलं. म्हणजे शेजारी कसा आहे हा तिथला पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न असतो, आपण काय केलं. हा फरक नीट डोक्यात बसू दे कारण अर्ज लिहिताना सगळे इथेच घसरतात.

हे आलं कुठून तेही सांगते, जड आहे पण सांगायला हवं. लेस्टरशायरमध्ये फियोना पिल्किंग्टन नावाची एक आई होती, मुलगी अपंग. गल्लीतल्या पोरांनी त्या घराला वर्षानुवर्षं छळलं. तिने दहा वर्षांत पोलिसांना ३३ वेळा कळवलं, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तिने मुलीला घेऊन स्वतःच्या गाडीत जीव दिला. नंतर चौकशी झाली, त्यात निघालं ते हेच, की प्रत्येक फोन एकटा-एकटा पाहिला गेला होता, सगळे एकत्र ठेवून कुणी बघितलंच नाही. ३३ फोन, आणि प्रत्येक फोन जणू पहिलाच. मग २०१२ मध्ये मँचेस्टर, ब्रायटन अशा काही ठिकाणी ट्रिगरची चाचणी झाली, आणि ऑक्टोबर २०१४ पासून तो सगळीकडे लागू झाला. मी हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. अर्ज करताना तुला अपराधी वाटायला नको म्हणून सांगतेय, कारण हा कायदा ज्या चुकीसाठी झाला तीच चूक तुझ्याबाबतीत छोट्या प्रमाणात चालू आहे. आणि हो, कधी फारच अंधारून आलं, झोप नाही म्हणून डोकं चालेना, तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, तेवढ्यासाठी जा. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर समॅरिटन्स या मदत करणाऱ्या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो.

आता तारखा काढून बस, कारण इथे खरा खेळ तारखांचा आहे.

कायदा असं म्हणतो की घटना घडल्यापासून एक महिन्याच्या आत तू कळवलेलं असायला हवं, आणि कळवल्यापासून सहा महिन्यांच्या आत रिव्ह्यूचा अर्ज करायला हवा. अशा किती तक्रारी लागतात ते प्रत्येक भाग स्वतः ठरवतो पण सरकारने वरची मर्यादा घालून दिलीय, सहा महिन्यांत तीन, त्याहून जास्त मागता येत नाहीत. तू पत्रासोबत जी यादी पाठवलीस त्यात फेब्रुवारीतल्या दोन तक्रारी आहेत, आता ऑगस्ट संपत आलाय, म्हणजे त्या दोन मोजणीतून गेल्या. एप्रिलची एक, मेच्या दोन आणि जुलैच्या दोन राहिल्या. त्यातली जुलैची एक सासूबाईंबद्दलची, घटना मे महिन्यातली आणि कळवलं जुलैत, म्हणजे महिना उलटून गेला, तीही मोजणीत धरणार नाहीत. उरल्या चार. चार पुरेशा आहेत. पण तू आता मिस्टर म्हणतात म्हणून थांबलीस तर ऑक्टोबर संपेपर्यंत एप्रिलची जाईल, नोव्हेंबर संपेपर्यंत मेच्या दोन्ही जातील, आणि मग हातात एकच उरेल. म्हणून म्हणते, या आठवड्यात अर्ज टाक, दिवाळीनंतर बघू असं करू नकोस. तीन वेगवेगळ्या घटना हव्यात की एकच घटना तिघांना कळवली तरी चालते, हे मात्र तुझ्या कौन्सिलच्या पानावर वाच, प्रत्येकाने ते आपापल्या पद्धतीने लिहिलेलं असतं आणि प्रसिद्ध करणं त्यांना बंधनकारक आहे.

गळलेल्या तक्रारी अर्जातून खोडून टाकायच्या नाहीत बरं का. मोजणीत नसल्या तरी त्रास किती काळ चाललाय ते त्यांच्यावरूनच दिसतं, आणि रिव्ह्यू करायला बसणाऱ्या पॅनेलला किती दिवस, किती त्रास, किती प्रतिसाद या तिन्ही गोष्टी बघता येतात. त्यामुळे फेब्रुवारीपासूनचं सगळं लिही, फक्त मोजणीतल्या चार वर ठळक खूण कर.

सासूबाईंचं मला वेगळं लिहायचंय कारण पत्रात तू ते दोन वाक्यांत उरकलंस आणि माझ्या मनात तेच जास्त राहिलं. त्यांनी दोन महिने सांगितलं नाही, का नाही सांगितलं ते मला विचारायची गरज नाही, आपल्या घरातल्या सगळ्या मोठ्या बायका अशाच, मुलाच्या संसारात आपल्यामुळे कटकट नको. पण ती सगळ्यात गंभीर घटना आहे आणि मोजणीत नसली म्हणून ती संपत नाही. ती पोलिसांकडे वंशद्वेषाची घटना म्हणून नोंदली गेली का, ते आधी विचार. इथे १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स नावाच्या काळ्या तरुण मुलाचा खून झाला, त्याच्या तपासाची चौकशी झाली, १९९९ च्या त्या मॅकफर्सन अहवालात व्याख्या आली की ज्याच्यावर प्रसंग आला त्याला किंवा दुसऱ्या कुणालाही ती घटना वंशद्वेषाची वाटली तर ती तशी घटना समजायची. म्हणजे फोनवरच्या माणसाला काय वाटलं एवढाच प्रश्न नाही, सासूबाईंना काय वाटलं तेही महत्त्वाचं आहे. तुझ्या १०१ च्या कॉलमध्ये तू शब्द वापरलास का, की आम्हाला हे रेशियल वाटतं? बहुतेक नसशील, आपण शेजाऱ्यांचा त्रास एवढंच म्हणतो आणि समोरचा शेजाऱ्यांचं भांडण असं टाइप करतो. परत फोन कर, जुना रेफरन्स नंबर दे, आणि हे शब्द स्पष्ट बोल. सासूबाईंना इंग्लिश जमत नसेल तर दुभाषी माग, मराठी म्हणून माग, हिंदीवर भागवू नकोस, वयस्कर माणसाला अपमानाची गोष्ट परक्या भाषेत सांगता येत नाही.

आता अर्ज. कौन्सिलच्या वेबसाइटवर ए-एस-बी केस रिव्ह्यू शोध, साधा फॉर्म असतो, काही ठिकाणी ईमेल किंवा फोनवरही घेतात. तुला लिहिणं जड जात असेल तर तुझ्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं, मैत्रीण, नातेवाईक, तुमचा कौन्सिलर, एम-पी, फक्त तुझी संमती हवी. मी स्वतः आमच्या गल्लीतल्या एका आजींसाठी असा अर्ज भरलाय आणि पहिल्या वेळी चूक केली ती ही, की चार पानं भरून शेजारी काय काय करतो तेच लिहिलं. वाचणाऱ्याला वाईट वाटलं असेल पण हातात काही लागलं नाही. दुसऱ्यांदा आम्ही तक्ता केला. तारीख, काय झालं ते एका ओळीत, कुणाला कळवलं, रेफरन्स नंबर, त्यांनी काय उत्तर दिलं, त्यानंतर काय झालं. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. तुझ्या बाबतीत त्या रकान्यांत काय येईल बघ, पोलिस म्हणाले कौन्सिलकडे जा, पुढे काही नाही. कौन्सिलने डायरी मागितली, मुदत किती होती, तू का पाठवू शकली नाहीस, बंद करायच्या आधी तुला कळवलं का. हाउसिंग असोसिएशनचं कुणी त्या बाईशी एकदा तरी बोललं का. रिकामा रकाना दिसला की तो आपोआप बोलतो, तुला विशेषणं वापरावी लागत नाहीत.

रेफरन्स नंबर हरवले असतील किंवा फोनवर नेमकं काय नोंदवलं ते बघायचं असेल तर तिघांकडेही सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे स्वतःची नोंद मागण्याचा अर्ज टाक. डेटा प्रोटेक्शनच्या कायद्याने तुझ्याबद्दलची त्यांच्याकडची नोंद तुला मागता येते, पैसे लागत नाहीत, साधारण महिन्याभरात द्यावी लागते. शेजाऱ्याची माहिती काळी करून देतील, ते ठीक आहे, तुला तुझ्या फोनांवर काय लिहिलंय तेच हवंय. फक्त तिची वाट बघत अर्ज थांबवू नकोस, मागाहून जोडता येईल.

आणि त्याखाली एक परिच्छेद, घरात काय झालं. मुलगी कुठे झोपते, तू कामाला किती वाजता निघतेस आणि किती तास झोपून, सासूबाई दारात बसायच्या बंद झाल्या का. जीपीकडे गेली असशील तर तारीख. शाळेने काही म्हटलं असेल तर ते. रडगाणं वाटेल अशी भीती बाळगू नकोस, त्रास किती होतोय हे पॅनेलला बघायचंच असतं, आणि सरकारच्या सूचनांप्रमाणे तुला किंवा तुझ्या वतीने कुणाला त्या बैठकीच्या एका भागात येऊन बोलायची संधी द्यावी अशी अपेक्षा आहे. ती मागून घे. आपणहून देतीलच असं नाही.

मिस्टरांच्या दोन्ही भीतींबद्दल. घर विकताना विक्रेत्याला टी-ए-सिक्स नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात शेजाऱ्यांशी वाद, तक्रारी विचारतात, हे त्यांचं खरं आहे. पण ते तर आत्ताच सांगावं लागणार, सात तक्रारी झाल्यात, रिव्ह्यू मागितला नाही म्हणून त्या पुसल्या जाणार नाहीत. उलट प्रश्न सुटला आणि तसं लेखी हातात असलं तर घेणाऱ्याला दाखवायला काहीतरी असेल, नाहीतर नुसताच न सुटलेला वाद. व्हिसाचं म्हणशील तर ज्याला त्रास झाला त्याने तक्रार केली, रिव्ह्यू मागितला, याचा सासूबाईंच्या व्हिजिटर व्हिसाशी किंवा तुमच्या स्टेटसशी काही संबंध नाही. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखव.

यातून मिळेल काय ते आधीच नीट सांगते म्हणजे नंतर मन मोडायला नको. पॅनेल कुणाला घराबाहेर काढू शकत नाही, कुणा अधिकाऱ्याला शिक्षाही करत नाही. ते शिफारशी करतं, कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत. सरकारी खात्यांनी त्या शिफारशींचा विचार करणं कायद्याने भाग आहे, जशाच्या तशा पाळायलाच हव्यात असं मात्र नाही. पण त्यांच्याकडे हत्यारं बरीच आहेत जी आतापर्यंत कुणी उचललीच नाहीत. कौन्सिल लेखी ताकीद देऊन मग असं वागणं थांबवा म्हणून कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस काढू शकते, आवाज न्युसन्स (कायद्याने उपद्रव) ठरला तर १९९० च्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन अ‍ॅक्टखाली तो बंद करायची अबेटमेंट नोटीस, हाउसिंग असोसिएशन कोर्टातून इंजंक्शन म्हणजे मनाई हुकूम आणू शकतं. तुझ्या केसमध्ये मला वाटतं सगळ्यात आधी हवंय ते म्हणजे एकच माणूस, एक नाव, एक फोन नंबर, ज्याच्याकडे तिघांचं मिळून उत्तर असेल. अर्जात शेवटी तुला काय हवं असं विचारलं की हे लिही. त्यांना बाहेर काढा असं लिहू नकोस, ते त्यांच्या हातात नाही आणि तू मग हट्टी दिसतेस.

आणखी एक गोष्ट, तुला आवडणार नाही कदाचित. त्या बाईचा विचार कर जरा. विशीतला मुलगा, रात्री घरात मित्र, तिचं ऐकत असेल का तो? तिला स्वतःच्या घरात भीती वाटत असेल हेही शक्य आहे. पॅनेलमध्ये हेल्थवाले असतात ते यासाठीच, की कुठल्या घरात आजार असतो, व्यसन असतं, कुणी त्या घराचा ताबा घेतलेला असतो. तुझ्या मुलीच्या झोपेचा हक्क यामुळे कमी होत नाही. पण तू अर्जात त्या आईबद्दल जे पाहिलंस ते प्रामाणिकपणे लिहिलंस तर त्याचाही उपयोग होतो.

तोपर्यंत मिस्टरांना भिंतीवर उलट ठोकू देऊ नकोस, कुंपणावरून ओरडू देऊ नकोस, एकदा तसं झालं की समोरून उलट तक्रार येते आणि कागदावर दोन भांडकुदळ शेजारी दिसतात. घडलं की त्याच दिवशी कळव, रोज नाही पण प्रत्येक खरी घटना, म्हणजे ती महिन्याची भानगड राहत नाही. दारावर लाथा, अंगावर येणं, धमकी असं काही चालू असेल तर १०१ नाही, थेट ९९९. आणि मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर शेजाऱ्यांशी बोलायला बसा म्हणाले तर नुसत्या म्युझिकपुरतं ठीक होतं, पण सासूबाईंना जे बोलले त्यानंतर नको वाटत असेल तर नाही म्हण, तुझ्यावर जबरदस्ती नाही.

अर्ज नाकारला तर कारण लेखी माग, निर्णय कळवणं त्यांना भाग आहे. रिव्ह्यू झाला पण नीट झाला नाही असं वाटलं तर पुढे कुठे जायचं हेही त्यांच्या प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत असायलाच हवं, बऱ्याच ठिकाणी ते पोलिस अँड क्राइम कमिशनरच्या ऑफिसकडे जातं. एखाद्या खात्याने कामच केलं नाही अशी तक्रार असेल तर तो रस्ता वेगळा, आधी त्या खात्याच्या स्वतःच्या कम्प्लेंट प्रोसिजरमधून, आणि कौन्सिलबद्दल असेल तर नंतर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन (तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी). हाउसिंग ऑम्बड्समन मात्र मुख्यतः त्या घरमालकाच्या भाडेकरूंसाठी आहे, तू त्यांची भाडेकरू नाहीस, त्यामुळे तिथे वेळ घालवू नकोस.

सासूबाई ऑक्टोबरमध्ये परत जाणार ना, त्याआधी एका दुपारी त्यांच्याजवळ बस, मुलगी शाळेत असताना, आणि त्या दिवशी दारात काय झालं ते त्यांच्या शब्दांत, मराठीतच लिहून घे. काय नेसल्या होत्या, किती मुलं होती, कुठे उभी होती, काय बोलली, मग त्यांनी आत येऊन काय केलं. शिवी असेल तर शिवीही लिही, त्यांना उच्चारायची लाज वाटली तर कागदावर लिहायला सांग. खाली सही, तारीख. भाषांतर तू शेजारी वेगळ्या कागदावर कर आणि दोन्ही अर्जाला जोड.